दोन वर्षांचा करार, अकरा वर्षांचा सूर्य

सौरभौतिकीतल्या पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या नोकरीच्या, जाहिराती बहुतेक एकाच घाटाच्या असतात. पीएच.डी. झालेली हवी, वर्णपटांवर किंवा चुंबकीय क्षेत्राच्या निरीक्षणांवर काम केलेलं हवं, पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिता यायला हवेत. अर्जासोबत सीव्ही, पेपरांची यादी, आजवर काय केलं आणि पुढे काय करणार याचं दोन-तीन पानी निवेदन, आणि तीन जणांची शिफारसपत्रं. अगदी शेवटी मुदत असते : दोन वर्षं, काम समाधानकारक असेल आणि निधी उपलब्ध असेल तर आणखी एक. अर्ज करायचा नसला तरी मी या जाहिराती वाचते, सवयच लागली आहे. आणि दर वेळी त्या मुदतीपाशी थबकते. ज्या ताऱ्याचा, सूर्याचा, अभ्यास करायचा त्याच्यावरचे डाग वाढण्याचं आणि ओसरण्याचं एक चक्र साधारण ११ वर्षांचं. चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल होऊन पुन्हा मूळ स्थिती यायची तर २२. त्यातली दोन वर्षं आपल्या वाट्याला येणार, आणि ती नेमकी कुठली हे आपल्या हातात नाही.

हा केवळ आकड्यांचा खेळ नाही, माणसाच्या कामाची दिशाच त्यावर ठरते. २००८ आणि २००९ या दोन्ही वर्षांत अडीचशेहून जास्त दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता. डागांच्या घडणीवर काम करायचं ठरवून त्या सुमारास कुणी रुजू झालं असेल, तर रोज सकाळी पडद्यावर कोरी तबकडी. याउलट मे २०२४मध्ये एका प्रचंड डागसमूहातून सौरज्वालांची, म्हणजे अचानक भडकणाऱ्या स्फोटांची, माळ लागली, दोन दशकांतलं सर्वांत जोरदार भूचुंबकीय वादळ आलं आणि एरवी ध्रुवप्रकाश जिथे दिसतच नाही अशा अक्षांशांवरही आकाश लाल झालं. त्या आठवड्यात ज्यांच्याकडे पोस्टडॉकची जागा होती त्यांना पुढची कित्येक वर्षं पुरेल इतका डेटा मिळाला. दोघांचीही हुशारी आणि मेहनत सारखी धरली, तरी पेपरांच्या यादीत फरक पडणारच. निवड समित्या हा फरक लक्षात घेतात असं मला तरी फारसं दिसलेलं नाही.

माझा पहिला करार सुरू झाला तेव्हा चक्र उतरणीला लागलं होतं. मनात ज्वाला होत्या. पीएच.डी. त्यांच्यावरच झाली होती, निवेदनातही तेच लिहिलं होतं. पण मोठ्या ज्वाला विरळ होत गेल्या आणि ज्या झाल्या त्या मला हव्या त्या उपकरणाच्या दृष्टिक्षेत्राबाहेर. सूर्यावर रोखलेल्या वर्णपटमापकाला एका वेळी तबकडीचा लहानसा तुकडाच दिसतो. कुठे रोखायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि सूर्य काही आपलं वेळापत्रक पाहून भडकत नाही. त्या काळात ज्या वरिष्ठ शास्त्रज्ञाबरोबर मी काम करत होते त्यांनी एक दिवस सहज विचारलं, ‘जिथे काहीच घडत नाही तिथे पाहिलंस का कधी?’ तेव्हापासून मी शांत सूर्यावर काम करते आहे. डाग नाहीत, ज्वाला नाहीत, अशा भागाला आमच्याकडे शांत सूर्य म्हणतात. माझ्या मते सौरभौतिकीतला सर्वांत जुना आणि सर्वांत सुंदर प्रश्न तिथेच आहे.

तो प्रश्न असा. सूर्याचा आपल्याला दिसणारा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन तापमानाचा आहे. त्याच्यावर काही हजार किलोमीटर चढून गेलं की प्रभामंडल सुरू होतं, खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या वर्तुळाभोवती मोतिया रंगाचं जे दिसतं ते. तिथलं तापमान दहा लाख केल्विनच्या पुढे. उष्णता आतून बाहेर येते, तर बाहेर जाताना तापमान उतरायला हवं. इथे ते शेकडो पटींनी चढतं.

हे कळायलाच ७० वर्षं लागली होती. १८६९च्या ग्रहणात प्रभामंडलाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा सापडली, ५३०.३ नॅनोमीटरवर. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून सूर्यावर एखादं नवंच मूलद्रव्य असावं असं मानलं गेलं आणि त्याला नावही दिलं गेलं. अखेर ग्रोट्रियान आणि एडलेन या भौतिकशास्त्रज्ञांच्या कामातून १९४०च्या सुमारास उलगडा झाला : ती रेषा साध्या लोखंडाची आहे, फक्त त्या लोखंडाच्या अणूंनी २६पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावले आहेत. इतके इलेक्ट्रॉन निखळायला लाखो केल्विनची धग लागते. एक कोडं सुटलं आणि त्याच्या पोटातून दुसरं, जास्त अवघड कोडं निघालं. ते अजून पूर्ण सुटलेलं नाही.

मला यात सर्वांत जास्त भुरळ घालतो तो ऊर्जेचा हिशेब. सूर्याच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून सुमारे सहा कोटी तीस लाख वॅट बाहेर पडतात. शांत भागावरचं प्रभामंडल तापवत ठेवायला दर चौरस मीटरमागे लागतात सुमारे ३०० वॅट. म्हणजे ऊर्जेचा तुटवडा अजिबात नाही, दोन लाखांतला एक भाग वर पोचला तरी भागतं. अडतं ते एवढ्यावरच की तो एक भाग वर नेमका कसा पोचतो आणि तिथे उष्णतेत कसा बदलतो. खालचा वायू सतत खदखदत असतो. साधारण हजार किलोमीटर रुंदीचे वायूचे बुडबुडे उकळून वर येतात आणि आठ-दहा मिनिटांत विरतात. त्यांच्या हालचालीने चुंबकीय क्षेत्राच्या रेषांची मुळं हलतात. एका मताप्रमाणे या हलण्यातून लाटा उठतात आणि रेषांवरून वर जातात. अशा लाटा असू शकतात हे भौतिकशास्त्रज्ञ आल्फव्हेन यांनी १९४२मध्ये मांडलं होतं. दुसऱ्या मताप्रमाणे रेषा एकमेकींत गुंततात, पीळ वाढत जातो, आणि मग त्या तुटून नव्याने जुळताना लहान लहान स्फोट होतात. सौरभौतिकशास्त्रज्ञ यूजीन पार्कर यांनी १९८८मध्ये अशा स्फोटांना नॅनोफ्लेअर म्हटलं, कारण एकेकाची ऊर्जा मोठ्यात मोठ्या ज्वालेच्या अब्जांश. एकेकटा स्फोट दिसणारही नाही, पण क्षणोक्षणी असंख्य झाले तर पुरे.

लाटा की स्फोट, असा वाद वर्षानुवर्षं चालला. आता बहुतेक जण दोन्ही होतं असं म्हणतात आणि कुठे कोणाचा वाटा किती यावर भांडतात. माझं काम स्फोटांच्या बाजूने, म्हणजे ते मोजण्याचं.

मोजण्याचं म्हणजे काय, ते जरा जवळून सांगते, कारण पोस्टडॉकचा बहुतेक दिवस यातच जातो आणि याबद्दल कुठे लिहिलेलं सापडत नाही. सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी हे यान २०१०पासून सूर्याकडे टक लावून आहे. त्यावरचा कॅमेरा अतिनील प्रकाशाच्या अनेक तरंगलांबींमध्ये दर १२ सेकंदांनी संपूर्ण सूर्याचं चित्र घेतो, ४,०९६ गुणिले ४,०९६ पिक्सेलचं. एका पिक्सेलमध्ये सूर्यावरचे सुमारे ४३५ किलोमीटर मावतात. मी १७१ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर) चित्रमालिका उघडते, ज्यात सहा-सात लाख केल्विनचं लोखंड उजळ दिसतं. तबकडीच्या मध्याजवळचा एक शांत तुकडा कापून घेते. पहिलं काम सूर्य थांबवण्याचं : तो स्वतःभोवती फिरतो म्हणून मध्यावरची प्रत्येक गोष्ट तासाला पंधराएक पिक्सेल सरकते, तेवढं दर चित्रातून उलटं सरकवावं लागतं. मग चित्रमालिका चालवायची आणि पाहत राहायचं.

एक ठिपका उजळतो. तीन पिक्सेल रुंद. चार-पाच चित्रांत चढतो, तितक्यांतच मावळतो. सगळा कारभार दोन मिनिटांत आटोपतो. हा खरा का? अवकाशातून येणारा एखादा ऊर्जावान कण कॅमेऱ्याच्या संवेदकावर आपटला तरी असाच ठिपका उमटतो, पण तो एकाच चित्रात असतो, पुढच्यात नाही. म्हणून पुढचं-मागचं चित्र पाहायचं. मग १९३ अँगस्ट्रॉममध्ये त्याच जागी काही हललं का ते पाहायचं. एक खाचखळगा आणखी आहे. कणांचे डाग पुसण्यासाठी डेटा आपल्या हातात येण्याआधीच एक प्रोग्रॅम चित्रांवरून फिरवला जातो, आणि तो कधी कधी अगदी लहान, अगदी तीक्ष्ण असा खरा ठिपकाही डाग समजून पुसून टाकतो. ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांनी पुसलेले पिक्सेल फेकून न देता वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवले आहेत. ती फाइल मागवायची, पिक्सेल जागच्या जागी परत घालायचे, आणि पुन्हा मोजायचं. न भेटलेल्या त्या लोकांविषयी मला फार कृतज्ञता वाटते. आपण जे नको म्हणून काढतो आहोत तेच उद्या कुणाला हवं असेल, हा विचार त्यांनी आधीच करून ठेवला.

त्यानंतर त्याच यानावरचा चुंबकीय नकाशा. करड्या पार्श्वभूमीवर पांढरे आणि काळे ठिपके : पांढरे म्हणजे आपल्याकडे येणारं चुंबकीय क्षेत्र, काळे म्हणजे दूर जाणारं. उपकरणाचा स्वतःचा गोंगाट १० गॉसच्या आसपास (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), त्यामुळे त्याच्या आतल्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही. माझ्या ठिपक्याच्या खाली, तासभर आधीपासून, एक लहानसा पांढरा तुकडा एका काळ्या तुकड्याकडे सरकत चालला आहे. ते भिडतात, दोन्ही लहान होत जातात, आणि साधारण त्याच वेळी वर प्रकाश चमकतो. असं एकदा दिसलं तर योगायोग. शेकडो वेळा दिसायला हवं, आणि तेवढ्याच काळजीने, चमक नसलेल्या जागांशी ताडून पाहायला हवं. दिवसचे दिवस त्यात जातात आणि मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

२०२०मध्ये सोलर ऑर्बिटर यानाने सूर्यापासून पावणेआठ कोटी किलोमीटरवरून शांत सूर्याची जी पहिली चित्रं पाठवली त्यांत असे लहान ठिपके जिकडेतिकडे दिसले. कॅम्पफायर म्हणतात त्यांना. सगळ्यांत छोटे जेमतेम ४०० किलोमीटरचे, म्हणजे आमच्या जुन्या चित्रांतल्या एका पिक्सेलएवढे. आजवर आम्ही ज्याला पार्श्वभूमी म्हणून वजा करत आलो त्यातही रचना होती. ही चित्रं आली तेव्हा आमच्या गटात कुणी फार बोललं नाही, सगळे आपापल्या पडद्यावर झूम करत बसले होते. दिसलेल्या ठिपक्यांची ऊर्जा मिळवली तरी त्या ३०० वॅटांची भरपाई होत नाही, हेही खरं. पण प्रत्येक नव्या उपकरणाबरोबर आणखी लहान काहीतरी दिसतं, आणि बेरीज अजून संपलेली नाही.

पीएच.डी. आणि पोस्टडॉक यांत फरक काय असं विद्यार्थी विचारतात. पगार, हुद्दा, आठवड्याच्या मीटिंगमधली बसायची जागा वगैरे सोडून द्या. पीएच.डी.त प्रश्न बहुधा गाइडकडून आलेला असतो आणि उत्तर निघेल याची त्यांना थोडीफार खात्री असते. पोस्टडॉकमध्ये ती खात्री कुणाचीच नसते. कोणत्या प्रश्नामागे जायचं, कोणता अर्धवट सोडून द्यायचा, हे स्वतः ठरवायचं, आणि हे ठरवायची ताकद याच वर्षांत येते. वर्गात शिकवण्याचं ओझं नसतं, प्रशासन नसतं, कुणाच्या ग्रँटचा हिशेब आपल्या डोक्यावर नसतो. संशोधकाच्या आयुष्यात इतका निखळ वेळ पुढे क्वचितच मिळतो. कायमच्या नोकरीवर असलेले माझे मित्र स्वतः शेवटचा कोड कधी लिहिला ते आठवून सांगतात. म्हणून या टप्प्याला नुसती प्रतीक्षायादी मानणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पार्कर यांचंच पाहा. सूर्यातून सतत, सर्व दिशांना, ध्वनीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात वारा वाहतो असा निष्कर्ष त्यांनी १९५८मध्ये गणिताने काढला तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. पेपर तपासणाऱ्या दोन्ही रेफरींनी तो नाकारला. नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही निष्कर्ष पटला नव्हता, पण गणितात कुठे चूक दाखवता येईना, तेव्हा त्यांनी पेपर छापला. चार वर्षांनी, १९६२मध्ये, शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने तो वारा प्रत्यक्ष मोजला. पुढे २०१८मध्ये त्यांच्याच नावाचं यान सूर्याकडे निघालं तेव्हा ९१ वर्षांचे पार्कर उड्डाण पाहायला हजर होते. २४ डिसेंबर २०२४ला ते यान पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. या गोष्टीत मला चंद्रशेखर यांचा निर्णय पार्कर यांच्या गणिताइतकाच मोठा वाटतो. तरुण माणसाचं म्हणणं आपल्याला पटत नसतानाही, चूक दाखवता येत नाही एवढ्या एका कारणासाठी ते पुढे जाऊ देणं, याला फार मोठं मन लागतं. अशी माणसं भेटली तर दोन वर्षांतही खूप होतं.

आता त्या दोन वर्षांबद्दल. ती पुरत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि हे मी कुरकुर म्हणून लिहीत नाही. नवीन गटात आल्यावर पहिले सहा-आठ महिने तिथली उपकरणं, तिथला कोड, कुणाला काय विचारायचं हे समजण्यात जातात. शेवटचे तितकेच महिने पुढच्या अर्जांत. अर्जांचा हंगाम बहुधा शरद ऋतूत सुरू होतो, उत्तरं हिवाळ्यात येतात. म्हणजे रुजू होऊन एक वर्ष होतं न होतं तोच पुढची जागा शोधायला लागायचं. मधल्या काळात जमिनीवरच्या एखाद्या मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागायचा तर प्रपोजल लिहा, निवड होण्याची वाट पाहा, हवा स्थिर असेल त्या दिवशी निरीक्षण होईल, मग डेटा शुद्ध होऊन हातात येईल. हवाई बेटांवरच्या चार मीटर आरशाच्या इनॉय दुर्बिणीसारखं उपकरण सूर्यावरचे विशीतिशीतल्या किलोमीटरांचे तपशील दाखवतं, पण तो डेटा नीट समजायलाच वर्ष जातं. तोवर करार संपतो. मी स्वतः एका ठिकाणाहून निघाले तेव्हा माझ्या निरीक्षणांचा डेटा मागून आला, आणि तो उघडायचा अधिकार जुन्या संस्थेच्या खात्याबरोबर बंद झाला होता. महिनोन् महिने पत्रव्यवहार केल्यावर मिळाला.

शहरं बदलणं, देश बदलणं, जोडीदाराची नोकरी एकीकडे आणि आपली दुसरीकडे, हे सगळे पोस्टडॉक जाणतात. त्यावर मी इथे जास्त लिहीत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती कामाच्या सलगपणाची. सौरभौतिकीचा पाया सलग नोंदींवर उभा आहे. जर्मनीतल्या डेसाऊचे औषधविक्रेते हाइनरिक श्वाबे १८२६पासून आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक दिवशी डाग मोजत राहिले. खरं तर ते बुधाच्या कक्षेच्या आतला एखादा ग्रह शोधत होते. १७ वर्षांच्या नोंदी जमल्यावर त्यांना डागांच्या संख्येतली चढउतार दिसली. कोडईकनालच्या वेधशाळेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून रोजच्या रोज सूर्याची छायाचित्रं काचेच्या पट्ट्यांवर घेतली गेली. तिथेच १९०९मध्ये जॉन एव्हरशेड यांना डागांच्या कडेच्या भागात वायू बाहेरच्या दिशेने वाहताना सापडला. त्या काचा आता डिजिटल झाल्या आहेत आणि शंभर वर्षांपूर्वीच्या सूर्याचं चुंबकीय क्षेत्र कसं असेल याचा अंदाज आज त्यांवरून बांधला जातो. ज्यांनी त्या घेतल्या त्यांपैकी बहुतेकांची नावं कुठल्याच पेपरवर नाहीत. असं काम दोन-दोन वर्षांच्या तुकड्यांत होत नाही. कुणीतरी दहा वर्षं एकाच जागी बसून एकाच उपकरणाचे स्वभावदोष ओळखलेले असावे लागतात. निधी देणाऱ्यांनी उपकरणांसाठी अब्जावधी खर्च करावेत आणि ती उपकरणं ओळखणाऱ्या माणसांना दोन वर्षांत निरोप द्यावा, हे मला पटत नाही.

सध्या चक्र पुन्हा उतरणीला लागतं आहे. २०२४च्या अखेरीला शिखर येऊन गेलं. म्हणजे यापुढची वर्षं माझ्यासारख्यांची, शांत सूर्यावर काम करणाऱ्यांची. आणि एक विलक्षण संधी आहे. पृथ्वीवरून सूर्याचे ध्रुव आपल्याला अगदी कडेने, जवळजवळ आडवेच दिसतात, त्यामुळे तिथलं चुंबकीय क्षेत्र कधीच धड मोजता आलेलं नाही. पुढचं चक्र किती जोरकस असेल हे मात्र चक्राच्या तळाशी असलेल्या ध्रुवीय क्षेत्रावरूनच बऱ्याच अंशी ठरतं. सोलर ऑर्बिटर शुक्राच्या गुरुत्वाकर्षणाचा आधार घेत आपली कक्षा हळूहळू तिरपी करत आहे. २०२५मध्ये सूर्याच्या विषुववृत्ताच्या खाली १७ अंशांवरून त्याने दक्षिण ध्रुवाची पहिली चित्रं पाठवली. ठरल्याप्रमाणे झालं तर २४ अंश आणि मग २०२९मध्ये ३३. तेव्हा सूर्य तळाच्या आसपास असेल, ध्रुवांवर एकाच दिशेचं क्षेत्र जमलेलं असेल, आणि वेगवान सौरवारा ज्या काळोख्या भागांतून सुटतो ते भाग पहिल्यांदा इतक्या वरून दिसतील.

माझे तीन पिक्सेलचे ठिपके तिथेही असतील का? असले तर, जिथे जवळपास सगळं क्षेत्र एकाच दिशेचं आहे तिथे ते कोणाशी भिडून चमकतात? विरुद्ध दिशेचे विरळ तुकडे पुरतात की तिथे लाटांचंच राज्य आहे? मी याच प्रश्नावर नवं निवेदन लिहिते आहे. आज दोन वर्षांच्या करारावर रुजू होणाऱ्याच्या हाती २०२९चा डेटा लागणार नाही. म्हणून मुदतीच्या रकान्यात मी या वेळी पाच वर्षं लिहिली आहेत, आणि खाली कक्षेच्या तारखा जोडल्या आहेत.